गल्लीची नाडी पाहणारा वनस्पतिशास्त्रज्ञ

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर रॉस्कॉफ नावाचं गाव आहे. तिथे ओहोटी लागली की ओल्या वाळूवर हिरवे डाग उमटतात. लांबून शेवाळच वाटतं. जवळ जाऊन निरखलं तर दिसतं, की काही मिलिमीटर लांबीचे असंख्य चपटे किडे उन्हासाठी वाळूतून वर आले आहेत. १८७८ साली एक तरुण स्कॉटिश अभ्यासक या किड्यांपाशी अडकला. त्याने ते पाण्याच्या भांड्यात घालून उन्हात ठेवले आणि वर येणारे बुडबुडे गोळा करून तपासले. त्या वायूत ऑक्सिजनचं प्रमाण बरंच होतं. उन्हात ऑक्सिजन सोडणं हे पानाचं काम, आणि इथे ते प्राण्याच्या अंगातून होत होतं.

या किड्याचा हिरवा रंग म्हणजे त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल, हे पुढे इतरांच्या अभ्यासातून पक्कं झालं. पण आपल्या अभ्यासकाने विषय सोडला नाही. समुद्रफुलांमध्ये आणि इतर काही सागरी जीवांमध्ये ‘पिवळ्या पेशी’ दिसतात. त्याही आत वस्तीला असलेलं शैवालच आहेत आणि त्या बिऱ्हाडाचा दोघांनाही फायदा होतो, हे त्याने १८८२च्या सुमारास मांडलं. शैवालाला आसरा मिळतो, यजमानाला अन्न मिळतं. मग यात जीव कोणता आणि त्याचा परिसर कोणता? एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढलं तर दोघांचंही बिघडतं.

या अभ्यासकाचं नाव पॅट्रिक गेडिस. आज जग त्यांना ओळखतं ते नगररचनेचे एक आद्य प्रवर्तक म्हणून. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापकही तेच होते. त्यांच्याविषयी लिहिताना ‘विज्ञान सोडून नगररचनेकडे वळले’ असं पुष्कळदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्यांनी विज्ञान सोडलं नाही, ते गावात नेलं. किडा आणि शैवाल यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने पुढे एडिंबरा, तंजावर आणि इंदूरच्या गल्ल्या पाहिल्या. ही नजर नेमकी काय होती, ते समजावं म्हणून हा लेख.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४चा, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर गावचा. वडील सैन्यात होते. बालपण पर्थ शहराजवळच्या टेकडीवरच्या घरात गेलं. तिथे बाग होती आणि खाली शहर व नदीचं खोरं पसरलेलं दिसे. उंचावर उभं राहून सगळा मुलूख एका नजरेत घ्यायची सवय तिथलीच असावी. काही काळ त्यांनी बँकेत नोकरी केली. मग १८७४ साली वनस्पतिशास्त्र शिकायला एडिंबरा विद्यापीठात नाव घातलं आणि आठवड्याभरात तिथून निघून आले. पुढे लंडनला थॉमस हक्सली यांच्या प्रयोगशाळेत जीवशास्त्र शिकले. तिथे एकदा खुद्द चार्ल्स डार्विन आले आणि त्यांनी गेडिसच्या सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं. आतल्या जीवांची हालचाल पाहून त्या वृद्ध शास्त्रज्ञाला झालेला लहान मुलासारखा आनंद गेडिस आयुष्यभर विसरले नाहीत.

१८७९ साली नमुने गोळा करायला ते मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांचे डोळे आजारी पडले. कित्येक आठवडे डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. पंचविशीतला माणूस, सूक्ष्मदर्शक हेच त्याचं जग, आणि समोर सगळा काळोख. त्या खोलीतल्या खिडकीची तावदानं ते बोटांनी चाचपत. चाचपता चाचपता त्यांनी प्रत्येक तावदानाला एकेक कल्पना नेमून दिली. या घरातली कल्पना शेजारच्या घरातल्या कल्पनेला कशी लागून आहे, याचा विचार सुरू झाला. दृष्टी परत आली, पण तासन्‌तास सूक्ष्मदर्शकात पाहण्याचं काम पूर्वीसारखं होईना. खिडकीची ती चौकट मात्र हातात राहिली. पुढे आयुष्यभर ते कागदाच्या घड्या घालून चौकोन पाडत आणि त्यांत शब्द भरत बसायचे. या घड्यांना ते ‘विचारयंत्रं’ म्हणत.

त्या चौकोनांतले तीन शब्द त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहेत: ठिकाण, काम, माणसं. ही त्रयी त्यांनी फ्रेंच समाजअभ्यासक फ्रेदरिक ल प्ले यांच्याकडून घेतली आणि तिला जीवशास्त्राचा आधार दिला. जीवशास्त्रात परिसर, क्रिया आणि जीव असं म्हणतात. परिसर जीवाला घडवतो आणि जीव आपल्या क्रियेने परिसर बदलतो. माणसांच्या बाबतीत परिसर म्हणजे ठिकाण, क्रिया म्हणजे काम आणि जीव म्हणजे तिथली माणसं. ऐकायला सोपं आहे. पण यातून निघणारी गोष्ट मोठी आहे. या तिघांतलं एक बदलायला गेलात तर उरलेली दोन हलतातच.

हे समजावण्यासाठी गेडिस नदीच्या खोऱ्याचं एक चित्र काढत. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा उभा छेद. वर खाणकामगार आणि लाकूडतोडे, मग शिकारी, त्याखाली मेंढपाळ, उतारावर गरीब शेतकरी, सखल भागात सुपीक शेती आणि बागा, शेवटी मुखाशी मच्छीमार. आपल्याला हे चित्र परकं वाटायचं कारण नाही. महाबळेश्वरहून सावित्री नदीबरोबर खाली उतरत जा. वर दाट जंगल, मग वरकस जमिनीवरची नाचणी-वरी, खाली भातखाचरं, महाडची बाजारपेठ आणि बाणकोटच्या खाडीत कोळ्यांच्या होड्या. घराचं छप्पर, ताटातलं अन्न, गावातली दैवतं आणि बोलीतले शब्द पायरीपायरीने बदलत जातात. गेडिस यांचं म्हणणं असं, की शहर या खोऱ्यापासून तोडून समजत नाही. खोऱ्यातले सगळे धंदे शहरात येऊन रूप बदलून बसलेले असतात. म्हणून शहराची आखणी करणाऱ्याने आधी शहराबाहेरचा मुलूख पाहिला पाहिजे. आज ‘प्रादेशिक नियोजन’ म्हणतात त्याचं बीज इथे आहे.

आता एडिंबरा. १८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ॲना संगीत शिकलेल्या आणि समाजकार्यात रमलेल्या होत्या. एडिंबऱ्याचा जुना भाग तेव्हा शहरातली वाईटात वाईट वस्ती होता. उंच दगडी इमारती, एकेका खोलीत आख्खी कुटुंबं, अंधारे बोळ, सांडपाण्याचा वास. बरी परिस्थिती असलेले लोक केव्हाच नव्या शहरात राहायला गेले होते. हे नवरा-बायको उलट दिशेने निघाले. त्यांनी नव्या शहरातलं चांगलं घर सोडून जेम्स कोर्ट नावाच्या चाळवजा इमारतीत बिऱ्हाड केलं. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन जिने-अंगणं साफ केली, भिंतींना सफेदी दिली, खिडक्यांत फुलझाडं लावली. पडीक जागांत लहान लहान बागा केल्या. अगदीच मोडकळीला आलेली इमारत पाडायची, बाकीच्या दुरुस्त करायच्या आणि मोकळ्या झालेल्या जागेतून उजेड-वारा आत घ्यायचा. वस्ती उठवायची नाही, तिच्यात राहायला जायचं. जुन्या इमारती विकत घेऊन त्यांत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं काढली. त्यापायी कर्जही बरंच झालं. त्या घरात ॲना यांचा वाटा नवऱ्याइतकाच होता, आणि जमाखर्चाचं ओझं बहुधा त्यांच्यावरच जास्त पडलं.

१८८८ साली गेडिस डंडीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. ही नेमणूक मोठी सोयीची होती. शिकवायचं फक्त उन्हाळ्याच्या सत्रात, उरलेले महिने मोकळे. १८९२ साली त्यांनी एडिंबऱ्याच्या किल्ल्याजवळची एक इमारत ताब्यात घेऊन तिचा ‘आउटलुक टॉवर’ केला. माथ्यावर एक अंधारी खोली होती. तिथे भिंगं आणि आरसा यांच्या मदतीने बाहेरच्या शहराचं जिवंत, हलतं चित्र गोल पांढऱ्या टेबलावर पडे. पाहुण्याला गेडिस आधी धापा टाकायला लावत थेट माथ्यावर नेत आणि ‘हे तुझं शहर’ म्हणून दाखवत. मग एकेक मजला उतरायचं. एक मजला एडिंबऱ्याचा, त्याखालचा स्कॉटलंडचा, मग इंग्रजी बोलणाऱ्या देशांचा, मग युरोपचा आणि तळाशी जगाचा. आधी आपली गल्ली, मग जग. शाळेत भूगोल असा शिकवला असता तर किती बरं झालं असतं, असं मला हे वाचताना दर वेळी वाटतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १८८९ साली गेडिस यांनी जे. आर्थर थॉमसन यांच्यासोबत लिंगभेदाच्या उत्क्रांतीवर पुस्तक लिहिलं. स्त्रीची प्रकृती शक्ती साठवण्याची आणि पुरुषाची ती खर्च करण्याची, हा फरक पेशींच्या पातळीवरच ठरलेला आहे आणि आदिजीवांत जे ठरलं ते संसदेच्या कायद्याने रद्द होणार नाही, असा सूर त्यात होता. स्त्रियांच्या मताधिकाराचा वाद चालू असताना हे लिहिलं गेलं. हे विज्ञान चुकीचं होतं आणि त्याचा वापरही चुकीचा झाला. जीवशास्त्रातली उपमा समाजावर जशीच्या तशी लादली की काय होतं, याचं हे त्यांच्याच हातचं उदाहरण आहे. ‘शहर म्हणजे जिवंत शरीर’ या त्यांच्या कल्पनेकडेही म्हणूनच थोडं जपून पाहावं लागतं. शहरांच्या कामात ते या घसरणीतून बरेच वाचले. कारण तिथे आधी पाहणी आणि मगच निदान, असा त्यांचा दंडक होता.

या दंडकाचा त्यांच्या मायदेशात फारसा उपयोग झाला नाही. १९०४ साली डनफर्मलिन शहरासाठी त्यांनी भला मोठा आराखडा केला, पण तो अमलात आला नाही. शहरांवरचं फिरतं प्रदर्शन मात्र गाजलं. १९१३ साली बेल्जियममधल्या गेंटच्या प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पुढे मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना भारतात बोलावलं. १९१४ साली गेडिस निघाले. प्रदर्शनाचे नकाशे, चित्रं, तक्ते असं सगळं सामान ‘क्लॅन ग्रँट’ या दुसऱ्या जहाजावर होतं. पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. आयुष्यभर जमवलेला ऐवज समुद्राच्या तळाशी गेला. मायदेशीच्या मित्रांनी धावपळ करून नवीन नकाशे आणि चित्रं पाठवली आणि जानेवारी १९१५मध्ये मद्रासला प्रदर्शन भरलंसुद्धा. गेडिस तेव्हा साठीचे होते.

त्या काळी इथे शहर सुधारणं म्हणजे काय होतं, ते मुंबईकरांना माहीत आहे. १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीमुळे रोगराई होते, म्हणून दाट वस्तीतून रुंद, सरळ रस्ते काढायचे, असं त्यामागचं गणित होतं. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे निघाले. पण घर पडलेली माणसं जाणार कुठे? कामधंदा जवळ हवा, जातभाई जवळ हवेत, उधारी देणारा वाणी जवळ हवा. ती शेजारच्या गल्लीत शिरतात. तिथे आणखी दाटी होते, भाडी वाढतात. नकाशावर रस्ता सुंदर दिसतो आणि रोग चार पावलं सरकून बसतो. इतर शहरांतले अभियंतेही असेच पट्टी लावून रेघा मारत होते.

गेडिस यांनी याला पर्याय सुचवला. त्याला त्यांनी नाव दिलं ते वैद्यकातलं. मराठीत त्याला ‘राखणारी शस्त्रक्रिया’ म्हणता येईल. हात-पाय कापून टाकण्याऐवजी जेवढं सडलं आहे तेवढंच काढायचं. पद्धत अशी: वस्तीचा मोठा नकाशा घेऊन बोळाबोळातून पायी फिरायचं. प्रत्येक घराची नोंद करायची. धड कोणतं, डागडुजी करण्याजोगं कोणतं, पडायला आलेलं कोणतं, रिकामी जागा कुठे आहे. मग लक्षात येतं, की रस्ते आधीपासूनच आहेत, फक्त मध्ये चार भिंती आल्या आहेत. पडकी घरं तेवढी काढली आणि मोकळ्या जागा एकमेकींना जोडल्या, की बोळ रुंद होतो आणि मध्येच एखादा चौक तयार होतो. वाटेत देऊळ, विहीर किंवा पिंपळाचा पार आला तर रस्त्याने वळसा घ्यावा. हे स्वस्त पडतं आणि माणसं जागची उठत नाहीत. पण वेळ लागतो. कचेरीत बसून हे काम होत नाही, उन्हातान्हात पायपीट करावी लागते.

मद्रास इलाख्यातली गावं, बडोदा, लखनौ, ढाका, लाहोर, कलकत्त्याचा बडा बाजार अशा अनेक ठिकाणचे अहवाल त्यांनी लिहिले. एका अहवालात त्यांनी म्हटलं आहे, की नगररचना ही नुसती जागेची रचना नाही, ती माणसांची रचना असली पाहिजे. लोकांना मनाविरुद्ध नव्या जागी ढकलणं हे तिचं काम नाही. ज्याला जिथे बहर येईल अशी जागा शोधून द्यायची, आणि हलवायचीच वेळ आली तर फुलझाड दुसरीकडे लावताना जेवढी काळजी घेतो तेवढी घ्यायची. ज्याने कधी रोप काढून दुसरीकडे लावलं आहे, त्याला यातला अर्थ लगेच कळेल. मुळांभोवतीची माती झटकून टाकली की रोप नव्या वाफ्यात उभं राहतं, पण धरत नाही. नोकरी, शेजार, देऊळ, नळावरच्या ओळखी ही माणसाच्या मुळांभोवतीची माती. मला वाटतं, गेडिस यांचं अख्खं शास्त्र या एका उपमेत मावतं.

तळ्यांचीही गोष्ट अशीच. डासांमुळे हिवताप होतो, म्हणून आरोग्य अधिकारी गावोगावची तळी बुजवायला निघाले होते. गेडिस म्हणत, तळं गावाला गारवा देतं, पावसाचं पाणी धरून ठेवतं. ते साफ ठेवा, त्यात मासे आणि बदकं सोडा, डासांच्या अळ्या ती खातील. हा सल्ला देताना त्यांच्यातला सागरी जीवांचा अभ्यासक जागा होता.

इंदूरचं काम सगळ्यांत मोठं. १९१८ साली होळकर दरबाराला त्यांनी दोन खंडांचा अहवाल सादर केला. पण इंदूरची सगळ्यांत गाजलेली गोष्ट दिवाळीची आहे. शहरात प्लेग आणि हिवताप होता. गेडिस नकाशा घेऊन फिरू लागले की लोक संशयाने पाहत. हा साहेब घरं पाडायला आलाय, अशी बोलवा होती. तेव्हा त्यांनी महाराजांकडे एका दिवसाचं राज्य मागून घेतलं. दवंडी पिटली, की यंदा दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल आणि ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. जिथली घरं सगळ्यांत स्वच्छ, त्या रस्त्यांनी जाईल. कचरा फुकट उचलायची सोय केली. घरं झाडली गेली, रंगवली गेली, वर्षानुवर्षांचा कचरा गाड्या भरभरून बाहेर पडला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत रोगराईचे राक्षस होते, प्लेगचा भला थोरला उंदीर होता. आणि त्यामागून पांढरेशुभ्र कपडे आणि नवे फेटे घातलेले सफाई कामगार आले, झाडूंना हार घातलेले. ज्यांच्या सावलीचाही लोक विटाळ मानत, ते त्या दिवशी मानाने चालले. रात्री राक्षस आणि उंदीर जाळले.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतात. घर झाडणारी केरसुणी लक्ष्मी मानायची आणि रस्ता झाडणाऱ्या माणसाला मात्र दूर उभं करायचं, ही आपल्या रीतीतली फट होती. ती फट त्या मिरवणुकीने दाखवून दिली. एका दिवसाने जात जात नाही, हे उघड आहे. तरीही लोकांच्याच सणातून आरोग्याचं काम करवून घेण्याची ही बुद्धी मला त्यांच्या कुठल्याही आराखड्याहून मोठी वाटते.

ही सगळी कामं चालू असतानाच १९१७ साल आलं. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. इकडे कलकत्त्यात ॲना तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी ती बातमी त्यांना कळू दिली नाही. जूनमध्ये त्याही गेल्या.

१९१९ साली त्यांनी डंडीचा निरोप घेतला. निरोपाच्या व्याख्यानात ते म्हणाले, की हे जग हिरवं आहे, सगळे प्राणी पानांवर अवलंबून आहेत. आपण जगतो ते पानांच्या जिवावर, खणखणणाऱ्या नाण्यांच्या जिवावर नाही. त्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते वक्ते म्हणून अवघड होते. बोलणं दाढीत विरून जाई, एका विषयातून दहा विषय फुटत. हातातली बरीच कामं अर्धी राहत. इथल्या त्यांच्या अहवालांतलंही थोडंच प्रत्यक्षात उतरलं. पण माणूस ओळखण्यात ते चुकले नाहीत. मालवणचा, संस्कृत शिकलेला एक तरुण त्यांच्या वर्गात होता, गोविंद सदाशिव घुर्ये. त्याने मुंबई शहरावर लिहिलेला निबंध गेडिस यांना आवडला आणि त्यांच्या शिफारशीने घुर्ये विलायतेला शिकायला गेले. १९२४ साली परत येऊन त्यांनी मुंबईचा समाजशास्त्र विभाग हाती घेतला आणि तो पुढे देशभर नावारूपाला आणला.

गेडिस त्याच साली तब्येतीमुळे भारत सोडून दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए इथे गेले. १९२५ साली तेल अवीवचा आराखडा केला, आणि त्या शहराची वाढ बरीचशी त्यानुसार झाली. माँपेलिएच्या खडकाळ टेकडीवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी निवास बांधला आणि भोवती बाग फुलवली. तिथेच १७ एप्रिल १९३२ रोजी ते वारले.

मुंबईत घुर्यांच्या हाताखाली १९२८ साली एम.ए. झालेल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या इरावती कर्वे. पुढे १९६०च्या दशकात कोयना धरणाने उठवलेल्या गावांची पाहणी त्यांनी केली. कुटुंबं कुठे नेली, नव्या जागी जमीन कशी मिळाली, देव बरोबर आले का, सोयरिकी कुठे राहिल्या, हे त्या गावोगाव जाऊन विचारत होत्या.